कासवाला थंडी वाजते म्हणे

पोराचा वाढदिवस, मासे विकणारं दुकान आणि काचेच्या भांड्यात हातपाय मारणारी बिस्किटाएवढी हिरवी कासवं. या तीन गोष्टी जुळून आल्या की अमरावतीत काय नि अकोल्यात काय, बापाचं पाकीट उघडतंच. तोवर सगळं ठीक असतं. मग डिसेंबर येतो, रात्रीचा पारा दहा-बारावर उतरतो, कासव खायचं बंद करतं आणि पोरगं मोबाईलवर काहीतरी पाहून सांगतं की याला दिवा लागतो. मी आयटीआयमध्ये तारतंत्रीचा वर्ग घेतो, म्हणून हा प्रश्न फिरत फिरत माझ्यापर्यंत येतो. "सर, पोट्ट्यानं कासव आनलं. त्याले थंडी वाजते म्हन्ते. साधा बल्ब लावला त चालन काय?"

चालतो. पण बल्ब कोणता, यापेक्षा तो कोणत्या होल्डरात बसवला, ती तार कुठून आली आणि रात्री तुम्ही सगळे झोपल्यावर तो बंद कोण करणार, हे मला आधी कळायला हवं. तेच आज तुमच्याशी मोकळेपणानं बोलायचं आहे. तुम्ही कासव का घेतलं, यावरून मी रागावणार नाही. त्यासाठी घरात आजी असतेच.

एक गोष्ट मात्र पहिल्यांदा तपासा: प्राणी कोणता आहे? डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं हिरवं कासव मूळचं अमेरिकेतलं आहे. दुकानात मिळतं ते बहुतेक हेच. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं कासव, नदी-तलावातलं मऊ पाठीचं कासव, घोरपड, अजगर हे आपल्याकडचे जीव. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, २०२२ साली तो आणखी कडक झाला, आणि हे प्राणी घरात ठेवणं हा गुन्हा आहे, मग ते कुणी 'वास्तूला शुभ' म्हणून दिलेले असोत की शेतात सापडलेले. तसं काही घरात असेल तर दिव्याचा विचारच नको. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि मोकळे व्हा. इग्वाना किंवा बॉल पायथनसारखा परदेशी प्राणी असेल तर २०२४ च्या नियमांनुसार त्याची केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. इथून पुढे मी धरून चालतो की घरात आहे ते लाल पट्ट्याचं कासव.

आता त्याला ऊब का लागते? आपण भाकर खातो आणि तिच्यातून अंग गरम ठेवतो. कासव, सरडा, साप यांना ते जमत नाही. त्यांच्या अंगाची ऊब बाहेरून येते. मेळघाटातली घोरपड सकाळी खडकावर पसरते, अंग तापलं की सावलीत सरकते, पुन्हा उन्हात येते. दिवसभर तिची ही ये-जा चालू असते. खाल्लेलं पचणं, आजाराशी झुंजणं, सगळं या ये-जावर अवलंबून. पाणी गार पडलं की कासवाचं पचन थांबतं, सर्दी छातीत उतरते, नाकातून बुडबुडे येतात, आणि फुप्फुसात बिघाड झाला की ते पाण्यात एका बाजूला कलून पोहायला लागतं. कलून पोहणारं कासव दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. अकोल्यात पशुवैद्यक व पशुविज्ञानाची स्नातकोत्तर संस्था आहे, तिथं चौकशी करा.

म्हणून टाकीत दोन जागा हव्यात: एक गरम, एक गार. बसायच्या दगडावर साधारण ३२ ते ३५ अंश आणि पाणी २४ ते २७ अंश. पूर्ण टाकी एकसारखी तापवली तर सरकायला जागाच उरत नाही. बरेच लोक नेमकं हेच करतात आणि वर समाधान मानतात, की आता याला कुठंही थंडी नाही.

इथं वऱ्हाडचं एक वेगळेपण आहे. मोबाईलवरचे ते सगळे सल्ले अमेरिका-इंग्लंडच्या घरांसाठी आहेत. तिथं वर्षातले बहुतेक महिने दिवा लागतो. आपल्याकडे हे काम डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींचं, फार तर थोडं पुढे-मागे. मार्चनंतर ऊब देणारं प्रत्येक यंत्र प्लगपासून सोडवून कपाटात ठेवायचं. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ च्या वर जातो, बंद खोली दुपारी चाळिशीला टेकते, आणि एवढ्या उष्णतेत कासव जगत नाही. तापमान नियंत्रक म्हणाल, तर तो दिवा बंद करू शकतो, खोली गार करू शकत नाही. उन्हाळ्यात आणखी एक चूक हमखास होते. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं दुपारचं पाणी थेट कासवाच्या भांड्यात ओततात. त्या पाण्यानं आपला हात पोळतो, त्या जीवाचं काय होत असेल. पाणी सकाळीच बादलीत काढून सावलीत ठेवा.

आता ऊब देणाऱ्या वस्तूंकडे येऊ. दुकानात चार-पाच तऱ्हा मिळतात, पण सगळ्या एका लायकीच्या नाहीत.

बसायच्या दगडासाठी जुना पिवळा बल्ब किंवा हॅलोजन मला सगळ्यात बरा वाटतो. तो वरून ऊब देतो, सूर्यासारखा, आणि दिवस-रात्र कळू देतो. एलईडी लावून 'ऊब मिळते' असं समजणारे पालक मला भेटले आहेत. एलईडीचा उजेड डोळ्याला पुरतो, कासवाच्या पाठीला पोचत नाही. रात्री मात्र उजेडाचा दिवा नको. लाल बल्ब प्राण्याला दिसत नाही असं सांगून विकतात, पण त्यांना तो दिसतो आणि झोपमोड होते. रात्री उबेची गरजच पडली तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर असतो. दिसायला पांढरं मडकं, पण त्याचा पृष्ठभाग इतका तापतो की बोट लागलं तर कातडी सोलून निघेल. आणि तो तापलेला आहे हे बघून कळत नाही. लहान भावंडं असलेल्या घरात तो जाळीच्या पिंजऱ्याशिवाय लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

'गरम दगड' म्हणून जे विकतात, ज्याच्या पोटात तार असते, तो घेऊच नका. पोटाखालचा चटका या प्राण्यांना वेळेवर कळत नाही. ते त्यावर बसून राहतात आणि भाजतात. चिकटवायची गरम चटई गेकोसारख्या कोरड्यात राहणाऱ्या प्राण्यासाठी बरी, पण नियंत्रकाशिवाय नाही. पाण्यानं भरलेल्या काचेच्या टाकीखाली तर ती लावायचीच नाही, काच तडकते.

पाण्यात बुडवायचा काचेच्या नळीचा हीटर ही पाचवी तऱ्हा. आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. कासव मोठं झालं की टाकीत धक्के देत फिरतं, नळीवर आपटतं. नळीला प्लॅस्टिकची जाळी हवीच. दुसरी गोष्ट: हीटर चालू असताना पाणी काढलं तर उघडी पडलेली नळी तापून तडकते. अकोल्यात नळ रोज येत नाही. आला की घरात एकच धांदल उडते, पिंप भरा, टाकी भरा, कासवाचं पाणी बदला. त्या धांदलीत कुणीतरी प्लग न काढता हात घालतं. म्हणून घरात एकच नियम ठेवा. आधी प्लग बाहेर, मग पंधरा मिनिटं थांबायचं, मग हात पाण्यात. पाणी बदलायचं काम पोराचं असेल तरी प्लग काढायचं काम मोठ्या माणसाचं.

तडकलेल्या नळीची गंमत अशी, म्हणजे गंमत कसली, भीतीच, की काचेच्या टाकीतल्या पाण्यात वीज उतरली तरी बाहेरून काहीच कळत नाही. दिवा चालू, कासव शांत, फ्यूज शाबूत. विजेला जमिनीत जायला वाट नसते म्हणून ती तिथंच असते. ती वाट आपण करून देतो, ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून पाण्यात हात घातला की. घरातली एमसीबी इथं वाचवत नाही. ती तारा जळू नयेत म्हणून असते. ६ अँपिअरची एमसीबी म्हणजे ६००० मिलीअँपिअर, आणि माणसाचा जीव जायला त्याचा अगदी बारीकसा हिस्सा पुरतो. माणसासाठी असते ती आरसीसीबी, जिला आपल्याकडे अजून पुष्कळ जण ईएलसीबी म्हणतात. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यात ३० मिलीअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तो कुठंतरी गळतोय, की क्षणार्धात ती लाईन तोडते. झटका बसेल, पण जीव वाचण्याची शक्यता फार मोठी. ज्या खोलीत कासवाची टाकी आहे त्या खोलीच्या लाईनवर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी नसेल, तर हीटर घ्यायच्या आधी ती बसवा. तिच्यावर 'टेस्ट'चं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबायचं. खटका पडला नाही तर ती बिघडली आहे. हे बटण मी लोकांच्या घरी दाबून दाखवतो तेव्हा बहुतेकांना ते आहे हेच पहिल्यांदा कळतं.

इन्व्हर्टर असलेल्या घरात आरसीसीबी वारंवार पडते. कारण बहुतेक वेळा एकच: इन्व्हर्टरचा आणि मेनचा न्यूट्रल कुठंतरी एकमेकांत मिसळलेला असतो. तो शोधून वेगळा करायला तासभर लागतो. आणि तेवढा वेळ वाचवण्यासाठी 'ट्रिप होऊन राह्यली, काढून टाकू' म्हणणारा माणूस आला तर त्याला चहा पाजा आणि दुसरा तारतंत्री बोलवा.

अर्थिंगचंही पाहा. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तीन पिनचं सॉकेट दिसतं, पण त्याच्या मागे हिरवी तार नसतेच. आणि जिथं आहे तिथं आपली काळी माती आड येते. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात, खड्ड्यातली ओल जाते आणि कागदावर असलेली अर्थिंग प्रत्यक्षात नसल्यासारखी होते. अर्थिंगच्या खड्ड्यात फेब्रुवारीपासूनच अधूनमधून बादलीभर पाणी ओतत चला. हे कासवासाठी कमी आणि कूलरसाठी जास्त. वऱ्हाडात दर उन्हाळ्यात कूलरच्या पत्र्याला हात लावून माणसं दगावतात, महावितरण दरवर्षी सावध करतं, तरी ओल्या हातानं कूलरमध्ये पाणी भरायची सवय जात नाही. पाणी, वीज आणि लेकरू एकत्र आलं की कूलर आणि कासवाची टाकी यांत मला फरक दिसत नाही.

होल्डरबद्दल सुरुवातीला बोललो, ते आता सांगतो. आपल्या घरात बल्ब पिनेच्या होल्डरात बसतो. सिरॅमिक हीटर आणि या कामाचे बरेच दिवे आट्यांचे असतात. मग लोक वीस-तीस रुपयांचा प्लॅस्टिकचा जोडतुकडा मधे घालतात. ६० वॅटचा बल्ब तासन्‌तास तोंड वर करून नव्हे तर खाली करून जळत असतो, सगळी उष्णता वर होल्डरात चढते, प्लॅस्टिक आधी पिवळं पडतं, मग ठिसूळ होतं, मग तारेचं आवरण चुरा होऊन गळतं. या कामाला चिनी मातीचाच होल्डर. आट्यांच्या होल्डरात फेज तळाच्या मधल्या पत्रीला यायला हवा आणि न्यूट्रल बाहेरच्या आट्यांना. उलटं जोडलं तर बल्ब तसाच पेटतो, फक्त बदलताना आट्यांना बोट लागलं की करंट. आणि बटण नेहमी फेजवर. हे जोडणाऱ्याला विचारा, लाजू नका. चांगल्या कारागिराला या प्रश्नाचा राग येत नाही.

दिवा काठीला किंवा टाकीच्या काठाला चिमट्यानं अडकवू नका. मांजर, पडदा, क्रिकेटचा चेंडू, काहीही कारण पुरतं. तापलेला बल्ब पाण्यात पडला तर एक संकट, गादीवर पडला तर दुसरं. त्याला वरून साखळीनं किंवा जाड तारेनं टांगा, आणि दगडापासून वीतभर तरी वर, म्हणजे पाण्याचे शिंतोडे उडून काच फुटणार नाही. जवळपास भुसा, वाळलं गवत, पुठ्ठा, वह्या नकोत. लाकडी पेटी करणार असाल तर दिव्याभोवती मोकळी जागा सोडा.

तार आयएसआय शिक्क्याची, आयएस ६९४ लिहिलेली, अखंड. मधे गाठ मारून काळी टेप गुंडाळलेली तार गणपतीच्या आरासीत दहा दिवस निभावते, रात्रंदिवस चालणाऱ्या दिव्याला ती चालत नाही. लोड फार नसतो, १०० वॅट म्हणजे अर्धा अँपिअरसुद्धा नाही, त्यामुळे तार जाड असावी असा हट्ट मी धरत नाही. आग बहुतेक ढिल्या जोडणीतून लागते. प्लग सॉकेटात सैल बसतो, ठिणगी मारतो, कार्बन धरतो, तापतो. तासभर दिवा चालवून प्लगला हात लावून पाहा. कोमट लागला तरी सॉकेट बदलायची वेळ झाली. सॉकेट टाकीच्या वर असावं, खाली नाही. ते खाली असेलच तर तार आधी सॉकेटच्याही खाली झुकवून मग वर न्या, म्हणजे तारेवरून ओघळलेलं पाणी त्या झोळातून जमिनीवर टपकेल, प्लगमध्ये शिरणार नाही. फरशीवर पडलेला एक्स्टेन्शन बोर्ड तर नकोच नको.

आता तापमान नियंत्रक. याशिवाय कोणतीही ऊब घरात लावू नका, हे मी हात जोडून सांगतो. गावाकडे कोंबडीची अंडी उबवणाऱ्या घरगुती पेट्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यांत आकडे दाखवणारा जो छोटा डबा असतो, तोच इथंही चालतो, कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. त्याला एक बारीक तारेचा शोधक, म्हणजे सेन्सर, असतो. तो नेमका तिथंच बांधायचा जिथलं तापमान तुम्हाला सांभाळायचं आहे. शोधक सुटून फरशीवर पडला तर डब्याला वाटतं थंडीच आहे, आणि तो दिवा पेटता ठेवतो तो ठेवतोच. दुसरी खोड अशी की स्वस्त डब्यातला, दिवा चालू-बंद करणारा रिले वारंवार उघडझाप करून एखाद्या दिवशी चिकटतो, आणि चिकटतो तो चालू अवस्थेत. त्यावर उपाय म्हणून दिवा गरजेपेक्षा मोठा घेऊ नका. ४० वॅटनं भागत असेल तर १०० चा लावू नका, म्हणजे रिले चिकटला तरी टाकीची भट्टी होणार नाही. शिवाय एक वेगळं साधं थर्मामीटर टाकीत ठेवा. रोज सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहायचं काम पोराकडे द्या. शाळेतल्या प्रयोगवहीपेक्षा ते जास्त मनानं लिहितात, हे मी पाहिलं आहे.

लाईन गेली तर घाबरू नका. रात्रभर दिवा नसला तर धडधाकट कासव मरत नाही. टाकीवर जाड चादर अर्धी टाका, बस. मेणबत्ती किंवा शेगडी जवळ नेऊ नका. लाईन आली की तापमान पुन्हा जागेवर आलं का, एवढं पाहा.

ऊन हा सगळ्यात स्वस्त दिवा, आणि त्याला वायर लागत नाही. कवच कडक राहायला सूर्याचे अतिनील किरण लागतात, आणि ते खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. म्हणून हिवाळ्यात सकाळी अंगणात टोपलं न्यायचं, अर्ध्या भागावर सावली ठेवायची, समोर माणूस बसवायचा, कारण घारी आणि मांजरी आहेत. काचेची टाकी मात्र उन्हात कधीच नको, ती फार लवकर तापते. हे रोज जमत नसेल तर अतिनील दिवा घ्या, पण त्याचे किरण सहा महिने ते वर्षभरात ओसरतात, दिवा पेटता दिसला तरी.

आणि हात. कासवाला किंवा त्याच्या पाण्याला हात लागला की साबणानं धुवायचे. त्याच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. अमेरिकेत १९७५ सालीच चार इंचांपेक्षा लहान कासव विकायला बंदी आली, कारण लेकरं ती तोंडात घालायची. घरात पाच वर्षांच्या आतलं बाळ असेल तर त्याचा हात तिथं पोचणार नाही, अशी जागा निवडा. टाकीचं पाणी स्वयंपाकघराच्या मोरीत ओतू नका.

कंटाळा आला, टाकी पुरेना झाली, की लोक रात्री अमरावतीच्या वडाळी किंवा छत्री तलावावर जातात आणि सोडून येतात. मुलाला सांगतात, 'त्याले त्याच्या घरी सोडलं.' ते त्याचं घर नव्हेच. हे कासव जगभर तलाव बळकावणाऱ्या जीवांत गणलं जातं, आपल्या देशी कासवांचं खाणं आणि ऊन खायची जागा दोन्ही हिसकावतं. नकोसं झालं तर वनखात्याला किंवा प्राणिमित्र संस्थेला विचारा, दुसरं घर शोधा, पण तलाव नको.

शेवटी हिशेबाचं. आज बिस्किटाएवढं असलेलं हे कासव ताटाएवढं होतं आणि नीट सांभाळलं तर पंचवीस-तीस वर्षं जगतं. तुमचं पोरगं बारावी झालं की पुण्याला जाईल, मग नोकरीला बंगलोरला. टाकी तुमच्याकडेच राहणार. तेव्हा आत्ताच तारतंत्र्याला सांगून टाकीच्या दिव्याचं बटण आणि सॉकेट तुमच्या हाताशी, कमरेच्या उंचीवर, कोरड्या भिंतीवर घ्या. गुडघे दुखायला लागल्यावर खाटेखाली वाकून प्लग शोधणं तुम्हालाच जड जाईल.